वाटाणा, डुक्कर आणि तीनशे पंधरा बोअर

जबलपूरच्या माणसासमोर बंदुकीच्या गप्पा मारायला जाऊ नये. इथे 1904 सालापासून गन कॅरेज फॅक्टरी आहे, खमरियाला दुसऱ्या महायुद्धापासून दारूगोळा तयार होतो आणि व्हेइकल फॅक्टरीत लष्कराचे ट्रक बनतात. मुलगी सांगून आलेली मंडळी मुलगा काय करतो असं विचारत नाहीत. ‘जीसीएफ, ओएफके की व्हीएफजे?’ एवढंच विचारतात. खमरियाच्या लाँग प्रूफ रेंजवर चाचणी सुरू झाली की धडाम् आवाज येतो, बाहेरगावचा पाहुणा चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो आणि घरातलं माणूस पेपरातून डोकंही वर काढत नाही. बोफोर्सच्या आराखड्यावरून घडवलेली ‘धनुष’ तोफ आमच्याच गावची. 155 मिलिमीटरचं तोंड आणि 38 किलोमीटरचा पल्ला.

या पल्ल्यात आमच्या मेहुण्यांचं शेत आरामात बसतं. ते पाटण तहसिलीत आहे आणि तिथे रानडुकरं येतात. तरीही त्यांनी तोफेचा विचार केला नाही, हा त्यांचा समंजसपणा. त्यांनी एवढंच विचारलं, “भाऊजी, डुकरासाठी एखादी रायफल सुचवा. पहिलीच आहे, तेव्हा फार महाग नको.” पहिली स्कूटर घ्यायला निघालेला माणूस जसा आवाज लावतो, तसा त्यांचा आवाज होता. ‘अॅव्हरेज किती देते’ हे विचारायचं तेवढं राहिलं.

आधी त्यांची बाजू सांगितली पाहिजे, कारण ती खरी आहे. पाटण आणि शहपुऱ्याकडचा हिरवा वाटाणा नावाजलेला. थंडी पडली की इथून ट्रक भरभरून माल बाहेर जातो. पुण्या-मुंबईच्या गृहिणी टीव्हीसमोर बसून जो मटार सोलतात, त्यातला काही आमच्या भागातून आलेला असतो. हा वाटाणा जसा माणसाला आवडतो तसा डुकरालाही आवडतो, फक्त डुकराला तो सोलायचा कंटाळा आहे. सकाळी शेतावर गेलं की रात्रीचा सगळा कार्यक्रम जमिनीवर लिहिलेला दिसतो. वाफे नांगर फिरवल्यासारखे उलटेपालटे, वेल मुळासकट बाहेर, चावून चोथा केलेल्या शेंगा इकडे तिकडे. मोटारीच्या खोलीजवळ एक लाकडी खांब आहे. त्यावर गुडघ्याच्या थोडं वर ओल्या चिखलाचा पट्टा आणि त्यात चार राठ काळे केस. जाता जाता अंग खाजवलं होतं महाराजांनी. मेहुणे ते केस चिमटीत धरून बराच वेळ बघत होते. माझ्या मते रायफलीचा विचार त्या केसांपाशी सुरू झाला.

रानडुक्कर हा प्राणी वाखाणण्याजोगा आहे, फक्त तो दुसऱ्याच्या शेतात असताना. डोळ्यांनी अधू, पण नाक असं की जमिनीखालचा कंद वरून कळतो. मादी चार महिन्यांच्या आत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं घालते. खायला काहीही चालतं. वाघ-बिबळे उरलेत तिथे थोडा वचक असतो, शेतात तोही नाही. फटाक्यांना घाबरतं म्हणतात. पण खमरियाच्या आसपासच्या जंगलात वाढलेलं डुक्कर लष्करी तोफा ऐकत मोठं होतं. त्याच्यापुढे सुतळी बाँबची काय पत्रास!

आणि हे नुसतं खेड्यापाड्यातलं दुखणं नाही. 4 डिसेंबर 2015 ला मुंबईहून आलेलं स्पाइसजेटचं विमान आमच्या डुमना विमानतळावर उतरत असताना धावपट्टीवर रानडुकरांचा कळप आडवा आला. विमानाचं चाक मोडलं, ते धावपट्टीवरून घसरलं. सुदैवाने आतली माणसं वाचली. विमान मात्र पुन्हा उडण्याच्या लायकीचं राहिलं नाही. मेहुण्यांनी त्या काळातलं कात्रण जपून ठेवलंय. ‘विमान पाडणारा प्राणी आहे हा, आणि तुम्ही मला गोफण घ्या म्हणता,’ हा त्यांचा बिनतोड मुद्दा.

याच जिल्ह्यात मझौलीला विष्णुवराहाचं जुनं देऊळ आहे, कलचुरींच्या काळातल्या मूर्तीचं. पृथ्वी पाण्यातून सुळ्यावर उचलून वर काढली ती वराहानेच. मेहुणे तिथे नारळ फोडून आले. पृथ्वी उचलण्याला त्यांची हरकत नाही. आपला दीड एकर तेवढा खाली ठेवावा एवढीच प्रार्थना.

तर आमच्या राइट टाउनच्या घरी बैठक बसली. बैठकीला शेजारचे काका होते. आयुष्य गन कॅरेज फॅक्टरीत काढलेलं, पोलादाकडे नुसतं बघून ते कुठल्या भट्टीतलं हे सांगतील असा माणूस. जबलपुरात सगळेच सगळ्यांना ‘बड्डे’ म्हणतात, वयाचा काही संबंध नसतो. काकांनी खोव्याची जिलबी तोंडात टाकली, शांतपणे चघळली आणि विचारलं, “बड्डे, पहले ये बताओ, सुअर मारना है कि रायफल टाँगनी है?”

मेहुणे जरा घुटमळले. प्रश्न बरोबर जागी लागला होता. घरात बंदूक असणं ही आपल्याकडे शेतीची गोष्ट कमी आणि दिवाणखान्याची जास्त. आमच्याच राज्यात, चंबळकडे, खांद्यावर दुनळी नसेल तर वरात अपुरी वाटते. शिवपुरीच्या प्रशासनाने तर 2008 साली नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीच्या परवान्यात प्राधान्य देऊ केलं होतं आणि लोक रांगेत उभे राहिले होते. वंश थांबला तरी चालेल, बंदूक हवी. आता लग्नात हवेत बार काढणाऱ्याला 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड ठेवलाय आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं राहतील असं ठरलंय. वरातीतला आवाज काहीसा खाली आलाय.

मग काकांनी शिकवणी घेतली. बोअर म्हणजे काय, इथून सुरुवात. बारा बोअरच्या बंदुकीची नळी किती रुंद? तर त्या नळीत चपखल बसेल अशी शिशाची गोळी केली, तर एका पौंडात बारा भरतील एवढी. म्हणून आकडा वाढला की नळी लहान होते, सोळा बोअर बारापेक्षा बारीक. रायफलीचा हिशेब निराळा, तिथे इंचाचा भाग मोजतात. पॉइंट थ्री-वन-फाइव्ह म्हणजे आठ मिलिमीटर. बंदुकीची नळी आतून गुळगुळीत, रायफलीच्या नळीत पिळाचे आटे. त्या पिळाने गोळी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून सरळ जाते आणि लांब जाते. “कितनी लंबी जाती है, वो बाद में बताऊँगा,” काका म्हणाले. ते ‘बाद में’ फार महत्त्वाचं निघालं.

पॉइंट टू-टूवर त्यांनी तिथल्या तिथे काट मारली. निशाणेबाजीच्या क्लबात ठीक. मोठ्या नराचं वजन सहज क्विंटलच्या पुढे जातं आणि त्याच्या खांद्यावर कूर्चेचं जाड कवच असतं, नरांच्या आपसातल्या मारामाऱ्यांसाठी देवाने दिलेलं. त्यावर टू-टू मारणं म्हणजे त्याला नाव ठेवणं. जखमी डुक्कर पळत नाही, हिशेब चुकता करायला परत येतं. राहिल्या तीन गोष्टी. बारा बोअर, तिच्यात एलजीचे मोठे छरे किंवा एकच सबंध गोळी, तीस-चाळीस मीटरपर्यंत भरवशाची. दुसरी, ईशापूरच्या कारखान्याची तीनशे पंधरा. तिसरी, त्याच कारखान्याची थर्टी-ओ-सिक्स, जिचं काडतूस अमेरिकेच्या लष्कराने 1906 साली घेतलं आणि नावातला ‘सिक्स’ तिथला. जोर जास्त, धक्का जास्त, काडतुसाचा खर्च जास्त. स्वस्तातली म्हणाल तर तीनशे पंधरा.

तीनशे पंधरा ही खास आपली भानगड आहे, जगात तिला दुसरीकडे फारसं कोणी विचारत नाही. इंग्रजांच्या फौजेची रायफल थ्री-नॉट-थ्री. तेच काडतूस हिंदुस्थानी लोकांच्या हाती गेलं, तर छावणीतून चोरलेली गोळी बंडाला कामी यायची, ही साहेबाची धास्ती. म्हणून लष्करी बोअर लोकांना बंद. पण राजेरजवाड्यांना आणि चहामळेवाल्यांना शिकार तर हवी! मग ऑस्ट्रियाच्या जुन्या मानलिखर रायफलीचं आठ मिलिमीटरचं काडतूस उचललं, ते ली-एनफिल्डच्या सांगाड्यात बसवलं आणि ते इथे विकायला आणलं. मोठ्या शिकारीच्या रायफलींचंही तसंच. 1907 साली पॉइंट फोर-फिफ्टीवर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी फोर-सेव्हन्टीसारखे नवे बोअर काढले. साहेब गेला, साम्राज्य गेलं, पण पहिल्या बजेटातली रायफल घ्यायला निघालेला पाटणचा शेतकरी आजही त्याच धास्तीने ठरवून दिलेल्या बोअरपाशी येऊन थांबतो. थ्री-नॉट-थ्री अजून प्रतिबंधितच आहे. ती उत्तर प्रदेशच्या पोलिसांनीसुद्धा 2020 च्या प्रजासत्ताक दिनी निरोप देऊन म्हातारपणी घरी पाठवली, तरी आपल्याला मिळायची नाही.

दुकानात गेलो. बंदुकीचं दुकान हे शहरातलं सर्वांत शांत दुकान असतं. तिथे कोणी घासाघीस करत नाही. काचेच्या कपाटात रायफली उभ्या, नळीला साखळी, खाली तेलाचा आणि जुन्या लाकडाचा वास. मालकाने तीनशे पंधरा काढली, काउंटरवर हिरवी बनात अंथरून त्यावर आडवी ठेवली. अक्रोडी रंगाचा दस्ता, त्यावर फिकट रेघा. बोल्ट वर उचलून मागे ओढला तेव्हा खट्-खळ् असा दोन तुकड्यांत आवाज आला, तो इतका नेटका होता की मेहुण्यांनी नकळत मान डोलावली. त्यांचा हात पुढे गेला. मालकाने रायफल तेवढ्याच नेटकेपणाने चार बोटं मागे ओढली. “लायसेंस?” मेहुणे गप्प. “तो बड्डे, आँख से देखो.”

आम्ही आँख से पाहिली. मग त्यांनी काडतुसाचे खोके दाखवले. बारा बोअरचं ‘शक्तिमान’ काडतूस पुण्याच्या खडकीचं, तिथला दारूगोळा कारखाना 1869 पासूनचा. मेहुण्यांना तेवढ्यात बरं वाटलं. निदान काडतूस तरी मराठी मुलखातलं.

परवान्याच्या नावाने मी शस्त्र कायदा काढून वाचला. ज्याला झोप येत नाही त्याने वाचू नये, उडेल. 1959 च्या त्या कायद्यात कलम 13 मध्ये पिकाच्या राखणीचा उल्लेख चक्क आहे. शेतकऱ्याला त्यासाठी काय द्यावं? तर ठासणीची बंदूक. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची. रायफल त्या ओळीत कुठे नाहीच. ती हवी असेल तर ‘सबळ कारण’ दाखवायचं, मग पोलिसांचा अहवाल, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला आणि कलेक्टर कचेरीच्या शस्त्र शाखेत अमुक टेबलावरून तमुक टेबलावर. तोवर वाटाण्याचे किती हंगाम जातील ते वराहालाच ठाऊक.

ठासणीची बंदूक मी कोकणात पाहिली आहे. बायकोच्या आत्याकडे राजापूरला माजघरात खुंटीवर असायची. भात पोटरीला आलं की आतोबा ती काढत. नळीत दारू ओतायची, वर चिंधीचा बोळा, गजाने ठासायचा, मग छरे, मग पुन्हा बोळा, पुन्हा ठासणी, शेवटी मागे टोपी चढवायची. एवढं होईपर्यंत डुक्कर जेवण आटोपून, हात धुऊन, बडीशेप खाऊन गेलेलं असे. मग आतोबा आकाशात एक बार काढत आणि घरी येऊन समाधानाने झोपत. कोकणात आजही शेतीसंरक्षणाचे परवाने आहेत, पण निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. महाराष्ट्रात 2014 आणि 2019 च्या विधानसभा निवडणुका ऐन ऑक्टोबरात झाल्या, भात कापणीला आलेलं असताना. आमच्याकडे त्या नोव्हेंबरात येतात, वाटाण्याला शेंगा धरतात तेव्हा. आचारसंहिता सर्वांना लागू असते, डुकरं वगळून.

बंदूक मिळाली तरी ती डुकरावर चालवायची परवानगी हे प्रकरण वेगळं. 1972 चा वन्यजीव कायदा आला, 1991 च्या दुरुस्तीत शिकारीचे उरलेसुरले परवानेही गेले. 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर वनखात्याचा अधिकारी लेखी कारण देऊन मारायची मुभा देऊ शकतो. महाराष्ट्राने 2015 मध्ये तशी वाट काढली. बिहारने त्याच सुमाराला केंद्राकडून रानडुक्कर आणि नीलगाय काही काळापुरती उपद्रवी ठरवून घेतली, मोकाम्याला बाहेरून शिकारी आले आणि दिल्लीत दोन मंत्र्यांची जुंपली. आणि परवानगीने मारलेलं डुक्कर? ते सरकारचं. म्हणजे जिवंत असेपर्यंत ते आपल्या शेतात आणि मेल्यावर सरकारी मालमत्ता.

या सगळ्याला उतारा म्हणून मेहुण्यांनी माझ्या भाच्याला फोन लावला. भाचा टेक्सासात ऑस्टिनला असतो, संगणकाच्या नोकरीत. तिथे रानटी डुकरं लाखांनी आहेत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक बोटीतून डुकरं घेऊन आले, काही सुटली, पुढे शिकारीच्या हौसेने युरोपातली रानडुकरं आणून सोडली, दोघांचं जमलं. आता हेलिकॉप्टरमधून डुकरं मारायला कायद्याने मोकळीक आहे. भाच्याला मित्रांनी रानात न्यायचं ठरवलं होतं आणि त्याच्यापुढेही तोच प्रश्न होता. पहिली रायफल, कमी बजेट, कोणतं कॅलिबर?

“मामा, इथे प्रॉब्लेम उलटा आहे,” तो म्हणाला. “दुकानात भिंतभर आहेत. सॅव्हेज अॅक्सिस घे, रुगर अमेरिकन घे, मॉसबर्ग घे. चार-पाचशे डॉलरात चांगली येते. आणि कॅलिबरवरून तर भावाभावांत भांडणं होतात.” टू-ट्वेंटी-थ्रीवाले म्हणतात गोळी स्वस्त, धक्का नाही, पण नेम कानामागे हवा. टू-फोर्टी-थ्रीवाले मधल्या मार्गाचे. थर्टी-थर्टी ही 1895 ची, झाडीत बरी. सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर ही 2007 नंतरची नवी फॅशन. आणि थ्री-नॉट-एटवाले कोणाशी वाद घालत नाहीत, त्यांना ठाऊक असतं की सगळे फिरून इथेच येणार.

“मग घे की थ्री-नॉट-एट,” मेहुणे उत्साहाने म्हणाले. स्वतःची नाही तर भाच्याची तरी.

“तिथेच गंमत आहे. मी एच-वन-बी व्हिसावर. व्हिसावरच्या परदेशी माणसाला इथे बंदूक घेता येत नाही. एकच पळवाट, त्याच्याकडे शिकारीचा परवाना असला तर येते. आणि टेक्सासात 2019 पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने डुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागतच नाही.”

म्हणजे डुक्कर मारायला परवाना नको, पण डुक्कर मारायची बंदूक घ्यायला परवाना हवा. मेहुण्यांना हे ऐकून फार आनंद झाला. सरकार सगळीकडे सारखंच असतं, ही जाणीव मोठी धीर देणारी आहे. भाच्याने शेवटी परवाना काढला, रायफल मात्र अजून घेतलेली नाही. तो अजून वाचतोय. मेहुण्यांचंही तसंच सुरू झालं होतं. रात्री जेवल्यावर ते पलंगावर पडून गोळीचं वजन ग्रेनमध्ये तोंडपाठ करायचे. बायको म्हणायची, “अहो, शेतावर जाऊन एकदा डबा वाजवून या.” ते म्हणायचे, “थांब, सॉफ्ट नोजचं वाचतोय.” गोळीचं टोक मऊ शिशाचं असलं की ती आत शिरून फुलते आणि जनावर जागीच पडतं, टोकदार कवचाची असली तर आरपार जाते आणि पुढे कोण उभं आहे ते बघत नाही. हे त्यांना मुखोद्गत. त्या रात्री डुकरांनी पूर्वेकडचा वाफा संपवला.

पौषातल्या एका संध्याकाळी काका म्हणाले, चला, शेत बघू. मड़ैयात घोंगडी पांघरून बसलो. मड़ैया म्हणजे राखणदाराची खोपी, चार बल्ल्यांवर गवताचं छप्पर. थंडी अशी की बोलताना शब्दाआधी वाफ निघत होती. बऱ्याच वेळाने वाटाण्यात खसखस झाली. चांदण्यात आधी काहीच दिसेना. मग बांधाजवळचा एक काळा ढीग हलला, त्याच्या मागे आणखी दोन. पुढचं डुक्कर नाक खाली घालून सरळ रेषेत येत होतं, मधूनच थांबून फुस्स करत होतं. मेहुण्यांनी काठी खांद्याला लावली. आपसूक, सवय नसताना. डावा डोळा मिटला.

काकांनी कानाशी विचारलं, “बड्डे, सुअर के पीछे क्या है?”

मेहुणे म्हणाले, “रान.”

“ठीक से देखो।”

आम्ही ठीक से पाहिलं. डुकराच्या मागे बांध, बांधामागे कोणाची तरी मोटारीची खोली, तिच्या डावीकडे दुसरी मड़ैया, तिच्यात एक बिडी लुकलुकत होती. पलीकडून गावाकडे जाणाऱ्या रस्त्याने मोटरसायकलीचा दिवा सरकत होता. त्याही पलीकडे गाव. काकांनी तेव्हा ते ‘बाद में’ सांगितलं. तीनशे पंधराची गोळी हुकली तर एक किलोमीटर जाऊनही माणूस मारायची ताकद तिच्यात उरते. सपाट जमिनीवर तिला अडवायला काही नाही. मागे मातीचा उंच बांध किंवा टेकाड नसेल तिथे रायफलीचा चाप ओढायचाच नाही, मग बोअर कोणताही असो. पाटणची जमीन तळहातासारखी सपाट, म्हणून तिथे वाटाणा छान पिकतो. रायफल तिथे पिकत नाही.

मेहुण्यांनी काठी खाली ठेवली. डुक्कर निवांत खात होतं. काकांनी खोकून दिलं तेव्हा सगळी एकदम पळाली, आणि पळण्याचा आवाज खाण्याच्या आवाजापेक्षा थोडासाच मोठा होता.

आता शेतावर झटका मशीन आहे. छपरावर छोटं सौरपॅनल, बॅटरी आणि शेताभोवती दोन तारा. खालची तार वीतभर उंचीवर, कारण डुक्कर नवी वस्तू आधी नाकाने तपासतं आणि त्याचं ओलं नाक हीच त्याची दुखरी जागा. सेकंदाला एक ठोका, चटका भरपूर, जीव जात नाही. खर्च रायफलीपेक्षा कमी. काम मात्र रोजचं. तारेला गवत टेकलं की झटका जमिनीत जातो, म्हणून कडेचं गवत कापत राहायचं, बॅटरीचं पाणी बघायचं. शौर्याचा भाग यात अजिबात नाही. कोणी ‘तुम्ही काय मारलंत?’ असं विचारत नाही. पहिल्या आठवड्यात एक नर तारेपाशी आला, नाक लावलं, किंचाळला आणि तडक शेजारच्या हरभऱ्यात गेला. शेजाऱ्याने दुसऱ्याच दिवशी येऊन मेहुण्यांना विचारलं, “भैया, रायफल कौन सी ठीक रहेगी?”

मेहुण्यांनी त्याला बसवलं, चहा दिला आणि बारा बोअरपासून सुरुवात केली. काकांचा अर्धा धडा त्यांनी पाठच केलाय. आता पाच शेतांना मिळून एकच कुंपण घालायचं चाललंय. एकट्याचं कुंपण डुकराला फक्त पुढचा पत्ता सांगतं, हे गावाला समजलंय.

तेव्हा ज्यांना अजूनही पहिली रायफल घ्यायची आहे त्यांना माझं सांगणं थोडक्यात. परवाना रीतसर असेल, वनखात्याची लेखी परवानगी असेल, नेम शिकलेला असेल आणि डुकराच्या मागे मातीचा बांध असेल, तर जवळून बारा बोअर पुरते आणि लांबून तीनशे पंधरा पुरून उरते. त्याहून महागात जायची गरज नाही. यातलं एक जरी नसेल, तर कुंपण. आणि कृपा करून घरच्या लाइनीवर आकडा टाकून शेताला जिवंत तार लावू नका. तिने डुकरं मरतात, वाघ मरतात आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला आपलाच गडी मरतो. आणि त्यासाठी कोणतंही कॅलिबर विचारावं लागत नाही.